तारेचं दुसरं टोक

तीर्थरूप आबा,

आज सकाळी श्रावणातल्या कानबाई देवीला नदीवर निरोप देऊन आले. पदराची ओल अजून वाळली नाही आणि मी लिहायला बसले. कागद म्हणाल तर मागच्या वर्षीच्या कॅलेंडरचं पान आहे, पाठकोरं. नवा कागद घेतला असता तर तुम्हीच म्हणाला असता, "बेटा, याची पाठ कोरी व्हती ना?"

तुमच्या फोटोशी मी रोज बोलते. सकाळी ताम्हणात देव घेतले की एक पळी पाणी सूर्याला आणि एक शब्द तुम्हाला. पण आजची गोष्ट उभ्याउभ्या सांगण्यासारखी नाही. कानबाईच्या तोंडावर आपल्या कळसाडी गावाच्या पाण्याची मोटर जळाली, आबा. तिच्यात नवी तार मी भरली. ती चालली नसती तर फाट्यावरचं आपलं दुकान आज मोबाइलवाल्याच्या ताब्यात गेलं असतं. म्हणून हे पत्र.

तुम्ही गेल्यावर शटर खाली आलं ते खालीच राहिलं. हे, म्हणजे तुमचे चिरंजीव, साखर कारखान्यातले कारकून. त्यांच्या बोटांना शाई लागली, तार कधी लागली नाही. शहाद्याचा एक मोबाइलवाला दुकान भाड्याने मागत होता. हे म्हणाले, "कानबाई झाली की सोमवारी किल्ली देऊन टाकू. आबा गेले, आता मोटर कोण भरणार?"

मी म्हटलं, "मी."

हे हसले. वाईट हसले नाहीत. लहान मूल 'मी विमान चालवीन' म्हणालं की आपण हसतो ना, तसे.

त्यांनी हसावं यात दोष कोणाचा? सांगू? तुमचा. वडीलधाऱ्यांना असं बोलू नये, पण पत्रात डोक्यावरचा पदर घसरला तरी कोणाला दिसत नाही.

बोअरमधली पाणबुडी मोटर एकट्याने भरता येत नाही, हे गावाला कुठे ठाऊक होतं? तिच्या लोखंडी नळकांड्यात बंद खाचा असतात. तार एका बाजूने आत सरकवायची, पलीकडच्याने ती ओढून घ्यायची आणि दुसऱ्या खाचेतून परत पाठवायची. वाकळ शिवताना सुई खालीवर जाते तशी. तारेवरचं आवरण लोखंडाच्या काठाला जरासं खरचटलं तरी पाणी तांब्यापर्यंत पोचतं आणि मोटर जळते. म्हणून दोन टोकांना दोन माणसं लागतात, आणि दोघांचा हात एका चालीने चालावा लागतो.

तुमच्या समोरच्या टोकाला आधी तुमचा मित्र बसायचा. तो भर हंगामात सुरतेला कापडाच्या मागावर निघून गेला. मी नवी सून होते. तुम्ही ओट्यावर ते नळकांडं घेऊन एकटेच बसला होता. तार सरकवायची, उठून पलीकडे जायचं, ओढायची, परत इकडे यायचं. ज्याची मोटर होती तो शेतकरी उंबऱ्याशी बसून बिडी ओढत होता आणि त्याचा ऊस सुकत होता. मी दाराच्या पडद्याआडून बघत होते. मला राहवलं नाही. नळकांड्याचं एक तोंड पडद्याजवळ होतं, मी हात बाहेर काढला आणि आलेली तार ओढून घेतली.

तुम्ही दुसरी तार सरकवलीत.

आपल्याकडे सुनेने सासऱ्यासमोर बसायचं नाही, समोर बोलायचं नाही. मग काय, ते नळकांडंच उंबऱ्यावर आडवं ठेवायचं ठरलं. अर्धं ओट्यावर, अर्धं घरात, मध्ये पडदा. तुम्ही बोलायचात, मी तारेने उत्तर द्यायची. एक हिसका म्हणजे हो. दोन हिसके म्हणजे थांबा, पीळ पडला आहे. मोठा लांब ताण म्हणजे चहा ठेवायला उठते. आठवतं?

पुढे तुम्ही फाट्यावर दुकान टाकलंत. पण पाणबुडी मोटर आली की ती सायकलीवर बांधून घरीच आणायचात. लोकांना सांगायचात, "घर निवांत ऱ्हास, तठे काम चांगलं व्हस." खरं होतं ते. पण अर्धंच.

त्या पडद्याआडून मी जेवढं शिकले तेवढं शाळेत मॅट्रिकपर्यंत शिकले नव्हते. तरणेपणी तुम्ही बडोद्याकडच्या तार ओढण्याच्या कारखान्यात होता. तिथलं सगळं तुम्ही पडद्याला सांगायचात. बोटाएवढी जाड तांब्याची सळई एकेका लहान होत जाणाऱ्या भोकातून कशी ओढतात, ती प्रत्येक भोकाला बारीक आणि लांब कशी होत जाते, शेवटी केसासारखी होऊन चकरीवर कशी बसते. तांब्याची माती राजस्थानात खेतडीला खणतात, मध्य प्रदेशात मलाजखंडला डोंगर पायरीपायरीने कापतात, तरी देशाची भूक भागत नाही. मग परदेशाहून जहाजाने कच्चा माल येतो, भरूचच्या पुढे समुद्राकाठी वितळतो, त्याचे पत्रे होतात, पत्र्यांच्या सळया, सळयांची तार. आणि तार गुजरातच्या हद्दीवरच्या खापरच्या नाक्यावरून ट्रकने आपल्या शहाद्याला. "आन भाव ठरस लंडनले," असं म्हणून तुम्ही मोठ्याने हसायचात. "कळसाडीनी मोटर जळनी, ते लंडनले इचारनं पडस!"

मला त्याचं नवल वाटायचं. मी घरात तांबं पाहिलं होतं ते कलशाचं, पळी-पंचपात्राचं, आंघोळीच्या बंबाचं. कढी तांब्याच्या भांड्यात ठेवू नये, कळकते, आणि चिंचेने घासलं की नव्यासारखं दिसतं, एवढंच माझं शास्त्र. तुम्ही मला दाखवलंत की तेच तांबं पंख्यात आहे, डीपीत आहे, फ्रिजच्या नळीत आहे, ह्यांच्या मोबाइलच्या पोटात आहे. पपईवर आणि मिरचीवर मोरचूद मारतो, तेही तांब्याचंच. तुमचं म्हणणं, चांदी सोडली तर विजेला तांब्याएवढा सरळ रस्ता कोणी देत नाही, आणि चांदीची मोटर भरायला आपण काही राजे नाही.

तांब्याचा एक उपयोग मात्र तुम्ही कधी सांगितला नाहीत आणि मला तुमच्यापुढे सांगता आला नाही. आता सांगते. दोन लेकरांनंतर सरकारी दवाखान्यात नर्सबाईने तांबी बसवली, ती तारसुद्धा तांब्याचीच हो! मी खाटेवर पडून हसत होते. नर्सबाई म्हणाली, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, घरचाच माल आहे."

आणि माझी फजिती? ती तर तुम्ही मरेपर्यंत पुरवून वापरलीत. पंख्याच्या कॉईलचे वेढे मोजायचं काम तुम्ही मला दिलं होतं. दांडा फिरवायचा आणि आकडे म्हणायचे. मला वाटलं, नुसते आकडे म्हणून जिभेला काय पुण्य? मी वेढ्यागणिक नाम घेतलं आणि हातातल्या माळेने मोजलं. आमच्या माहेरी गुरूंनी सांगितलेलं, माळ एकशे आठ मण्यांची, पण जप धरायचा शंभर. वरचे आठ चुकलेल्या उच्चाराचे. मी तसंच धरलं. दर शेकड्याला आठ वेढे जास्त. कॉईल खाचेत मावेना. तुम्ही उलगडून मोजलंत, पुन्हा मोजलंत, आणि कशामुळे झालं ते कळल्यावर भिंतीला टेकून हसलात. "बेटा, देवनं देवले दे. पंखाले आठ नको देऊ, तो पुण्यवान व्हई जाई आन फिरावच नही."

तेव्हापासून मी नाम घेते, पण धरते एकाला एकच.

तर असं सगळं असताना तुम्ही गावाला एकदाही सांगितलं नाहीत, आबा, की पडद्यामागे कोण बसतं. मला मान हवा होता असं नाही. पण तुम्ही गेल्यावर काय होईल, याचा विचार तुमच्यासारख्या विचारी माणसाने करू नये? तुमच्याबरोबर माझेही हात जळाले, असंच गाव धरून चाललं.

गुरुवारी मोटर गेली. पाणीपट्टीचं बघणारे जगनआप्पा आपल्याच दारावरून ती बैलगाडीत घालून शहाद्याला निघाले होते. घरोघरी लेकी-जावई यायचे, कानबाईच्या नैवेद्याच्या रोटाचं दळण धुवायचं, घरं सारवायची, आणि नळाला थेंब नाही. मी पदर सावरून रस्त्यावर गेले आणि गाडीपुढे उभी राहिले.

"आप्पा, मोटर इकडे उतरवा."

"वहिनी, आबा व्हतात तवय बात निराळी व्हती."

"शहाद्याला मोटरींची लाईन लागली आहे. कानबाई होऊन जाईल, मोटर यायची नाही."

"ते खरं शे. पन तुम्ही भरशात कशी? तुम्हले येस का?"

मी काय सांगणार? 'वीस वर्षांपासून तुमच्या गावाच्या मोटरी मीच अर्ध्या भरते आहे' असं म्हटलं असतं तर तुमची लबाडी उघडी पडली असती. मी एवढंच म्हटलं, "शनिवारी संध्याकाळपर्यंत पाणी नाही आलं, तर सोमवारी दुकानाची किल्ली मी स्वतः मोबाइलवाल्याच्या हातात देईन. पुन्हा मोटरीचं नाव काढणार नाही."

हे मागे उभे होते. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

मोटर उतरली. तुमच्या नेहमीच्या तारवाल्या इस्माईलचाचांनी शहाद्याहून तार पाठवली, तुमच्याच मापाची. त्यांनी निरोप पाठवला की ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तार निम्म्या भावात मिळते, गावाचं काम आहे, चालेल का? मी कळवलं, गावाचं आहे म्हणूनच चालणार नाही. काटकसर मी तेलामिठात करते.

जुनी जळकी तार मी काढली, तुमच्या पद्धतीप्रमाणे आप्पांसमोर तोलली आणि पोत्यात भरून त्यांच्या स्वाधीन केली. "हाई कशाले?" म्हणाले. मी म्हटलं, "तांबं गावाचं आहे. जळालं म्हणून माझं होत नाही." इथे आप्पा पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून बोलले. म्हणाले, "आबा बी आसंच करेत."

आता खरी अडचण. दुसऱ्या टोकाला कोण?

शुक्रवारी सकाळी देवपूजा आटोपून मी ते नळकांडं उंबऱ्यावर ठेवलं. पडदा नव्हताच, तुमच्या तेराव्यानंतर धुतला तो मी परत लावलाच नव्हता. मी आतल्या बाजूला बसले. ह्यांना म्हटलं, "कारखान्यात हंगाम बंद आहे, रजा टाका आणि आबांच्या जागी बसा."

"मले काय येस त्यानामा?"

"ओढता येतं ना? तेवढंच यायला पाहिजे."

पहिलीच तार ह्यांनी अशी ओढली की माझ्या हातून सुटली. मी ओरडले, "हळू! दोर नाही तो, तार आहे. बैल नाही ओढायचे." दुसरी तार खरचटली, ती मी काढून टाकली. तिसरीला जरा बेत जमला. दुपारपर्यंत आम्ही न बोलता काम करू लागलो. त्यांच्या बाजूने तार थांबली की मी समजायचं पीळ आहे, माझ्या बाजूने हिसका गेला की त्यांनी थांबायचं. मी शिकवलं नव्हतं, आबा. ते आपोआप येतं का?

जेवायला उठायच्या आधी हे म्हणाले, "आबा इतला वरीस एकलाच हाई कसं करेत?"

मी पुढची तार सरकवली. हे नळकांड्याकडे बघत राहिले. मग माझ्या बोटांकडे बघितलं. तारेने पडलेले काळे वळ आहेत ना माझ्या दोन बोटांवर, लग्नानंतर दोन-तीन वर्षांत पडलेले. भाजी चिरून पडले असं त्यांना वाटायचं.

"म्हनजे तू व्हतीस?"

"हं."

"मले वाटे, तू घरमा बठीसन भाजी निवडी ऱ्हायनी."

"भाजी पण निवडत होते."

त्यानंतर ह्यांनी जेवण झाल्यावर विड्याचं पानसुद्धा खाल्लं नाही, हात धुऊन लगेच येऊन बसले. एकाच घरात राहून माणसाला एवढं दिसू नये? पण मी त्यांना बोलले नाही. तुम्हाला बोलते आहे, कारण लपवायची कला तुमची होती.

शनिवारी दुपारी मोटर पाण्यात बुडवून तपासली, आवरण तपासायच्या मेगरचा काटा हवा तिथे थांबला. संध्याकाळी बोअरमध्ये सोडली. अर्धं गाव जमलं होतं. बायका रिकामे हंडे घेऊन टाकीखाली उभ्या. आप्पांनी स्टार्टरचं बटण दाबलं. मोटर चालू झाली. आणि नळाला पाणी आलं ते करंगळीएवढं.

हंडे घेतलेल्या बायकांतून गंगूमायचा आवाज आला, "वहूनी भरेल मोटर शे. पदर लिसन चाली ऱ्हायनी."

सुनेची मोटर पदर घेऊन चालते म्हटल्यावर सगळे हसले. हे मान खाली घालून उभे. आप्पांनी कपाळाला हात लावला. आणि मला, खरं सांगते, मला अजिबात भीती वाटली नाही. मोटर चालते आहे, करंट कमी घेते आहे, पाणी रांगतं आहे, म्हणजे ती उलटी फिरते आहे. नव्याने भरलेली मोटर सुलटी फिरेल की उलटी, हे वर तारा जोडून बघितल्याशिवाय कोणाला कळतं? तुम्हाला तरी कळायचं का? फक्त तुम्ही हे लोक जमायच्या आधी गुपचूप बघून घ्यायचात. तो शहाणपणा माझ्यात आला नव्हता.

"आप्पा, बंद करा. त्या तीनमधल्या कोणत्याही दोन तारांची अदलाबदल करा."

"आन मंग?"

"मग गंगूमायला म्हणावं, हंडा धरायला मागे सरका."

अदलाबदल झाली. बटण दाबलं. पाणी असं आलं की पहिल्या दोघींचे हंडे हातातून निसटले. गंगूमाय कमरेपर्यंत भिजली. शिव्या देत होती आणि हंडा भरत होती.

आप्पा चार माणसांत म्हणाले, "आबांना हात शे वहिनीना हातमा."

इथे तुम्ही मला माफ करा, आबा. प्रेमाने म्हणत होते ते. गप्प बसता आलं असतं. पण तोंडून गेलं, आणि तेही घरच्या भाषेत, "आबांना हात आबांसंगे गया, आप्पा. हाऊ मन्हा शे."

हा हात माझा, असं चारचौघांत म्हटलं म्हणून रागावलात का? मला वाटत नाही. मला वाटतं तुम्ही पडद्यापलीकडे ऐकलंत आणि एक हिसका दिलात.

काल कानबाई बसली. आपल्या कुळाचा रोट झाला, तुमच्या फोटोपुढे पान मांडलं. घरात पाणी भरपूर होतं, पाहुण्यांनी दोनदोनदा आंघोळी केल्या, मी काही बोलले नाही. मोठी नणंद म्हणाली, "भाभी, आज काटकसर कुठे गयी?" म्हटलं, "आजच्या दिवसापुरती नदीला सोडली."

आज विसर्जनाहून परतलो तर मोबाइलवाला ओट्यावर किल्लीसाठी बसलेला. मी आत पाणी आणायला गेले. ह्यांचा आवाज ऐकला, "दुकान खाली नही शे, भाऊ. मन्ही घरवाली बठस तठे."

तो म्हणाला, "दादा, आता सोलर आले, विजेच्या गाड्या आल्या. मोटर भरायचा धंदा किती दिवस?"

आणि तुमचे चिरंजीव, ज्यांना परवापर्यंत तारेचं टोक कळत नव्हतं, ते काय म्हणाले माहीत आहे? "सोलरले बी मोटर लागस, गाडीले बी मोटर लागस. मोटरले काय लागस, तांबंच ना?" मी पाण्याचा तांब्या घेऊन दारातच उभी राहिले. शब्द माझे होते, काल रात्री जेवताना मी बोललेले. पण परक्यासमोर ते त्यांनी बोलावे, हे मला आवडलं.

मोबाइलवाला गेल्यावर हे म्हणाले, "रविवारचा आणि संध्याकाळचा मी असेन. बाकी दिवस दुसऱ्या टोकाला कोणीतरी बघ." आणि शेजारच्या आळीतली शोभा, नवऱ्यामागे घर चालवते ती, काल रोटाच्या वेळीच 'मी बसू का समोर?' असं मला कानात विचारून गेली आहे. तिचे हात मी पाहिले. बारीक आहेत, पण घट्ट आहेत.

तर वचन घ्या, आबा. खाचेच्या आत तारेला जोड देणार नाही. मुलाम्याची तार दुकानात येऊ देणार नाही. जळकं तांबं ज्याचं त्याला परत जाईल. ही तुमचीच वचनं आहेत, मी फक्त पुढे चालवते. आता माझं स्वतःचं एक. यापुढे पाणबुडी मोटर घरी आणणार नाही. उद्या सकाळी शटर पूर्ण वर करीन, नळकांडं रस्त्याला दिसेल असं मधोमध ठेवीन, आणि फाट्यावरून जाणाऱ्या-येणाऱ्या सगळ्या गावाच्या देखत शोभाला समोर बसवून तार ओढीन.

पदर डोक्यावर असेल. काळजी करू नका.

तुमची सून,
मंगला